आय-जेल: प्रौढांच्या कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये वापरलेल्या एअरवे साधनाचा अभिप्राय

क्रॅश कार्टच्या, म्हणजे आणीबाणीची साधने ठेवायच्या गाडीच्या, वरच्या कप्प्यात काय ठेवायचे यावर ज्या विभागात कधीच वाद झाला नाही, असा विभाग माझ्या पाहण्यात नाही. आमच्या इथे अनेक वर्षे लॅरिंगोस्कोप (स्वरयंत्र पाहण्याचे पात्याचे साधन) आणि एंडोट्रॅकिअल ट्यूब (श्वासनलिकेत घालायची नळी) वर असत आणि आय-जेल हे श्वासमार्ग मोकळा ठेवणारे साधन खालच्या कप्प्यात, सक्शन कॅथेटरच्या गठ्ठ्याखाली, 'ट्यूब गेलीच नाही तर' या भावनेने पडून असे. आज हा क्रम उलटला आहे. तो का उलटला, उलटवल्यावर काय पदरात पडले आणि कोणत्या बाबतीत आमचा भाबडेपणा उघडा पडला, याची ही नोंद आहे. स्वतःच्या विभागासाठी असे साधन निवडू पाहणाऱ्या डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णवाहिकेतील सहकाऱ्यांना ती उपयोगी पडावी. प्रशिक्षण न घेतलेल्या व्यक्तीने हे साधन हाताळू नये, हे वेगळे सांगायला नको.

आधी ओळख करून देतो. आर्ची ब्रेन या ब्रिटिश भूलतज्ज्ञांनी १९८१ मध्ये लॅरिंजिअल मास्क सुचवला आणि १९८८ मध्ये तो बाजारात आला. तेव्हापासून स्वरयंत्राच्या आत न शिरता त्याच्या तोंडावर बसणाऱ्या साधनांचे एक घराणेच उभे राहिले असून त्यांना सुप्राग्लॉटिक साधने म्हणतात. आय-जेल याच घराण्यातले आहे. मुहम्मद नासिर या भूलतज्ज्ञांनी ते घडवले आणि इंटरसर्जिकल या कंपनीने २००७ मध्ये ते वापरात आणले. मूळ लॅरिंजिअल मास्कला हवा भरून फुगवायची गादी असते, तर आय-जेलचे टोक मऊ, जेलीसारख्या लवचीक पदार्थाचे असून स्वरयंत्राभोवतीच्या रचनेला जुळेल अशा आकारात ते आधीच घडवलेले असते. म्हणजे सिरिंज शोधा, हवा भरा, किती भरली ते आठवा, हा सारा खटाटोप नाही. ऐकायला ही बाब किरकोळ वाटते. परंतु खोलीत सहा माणसे एकाच वेळी बोलत असताना दहा मिलिलिटरची सिरिंज कोणाच्याही हाताला सापडत नाही, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना ती किरकोळ वाटणार नाही.

घालण्याची रीत सोपी आहे, पण ती जितकी सोपी सांगितली जाते तितकी नाही. पाठीला, दोन्ही बाजूंना आणि पुढच्या कडेला पाण्यात विरघळणारी जेली लावायची आणि आतल्या खोलगट भागात तिचा गोळा राहिलेला नाही ना, हे एकदा बोटाने पाहायचे. मान किंचित पुढे आणि डोके मागे अशा स्थितीत, उघडा भाग हनुवटीकडे ठेवून, दातांखाली येणारा कडक भाग घट्ट धरायचा आणि टोक टाळूला टेकवून ते टाळूच्या कडेकडेनेच खाली व मागे सरकवत न्यायचे. आत बोटे घालायची गरज पडत नाही. नवशिक्याची फसगत मध्येच होते. घशाच्या दोन्ही बाजूंच्या कमानींतून टोक पार होताना हाताला एक छोटासा 'सुटल्यासारखा' हिसका जाणवतो, आणि बऱ्याच जणांना तिथेच काम झाले असे वाटून ते थांबतात. काम तिथे झालेले नसते. पुढे सरकवत राहिल्यावर जो ठाम अडथळा लागतो, तो खरा मुक्काम. प्रौढांच्या मापांवर एक आडवी रेघ असते. दात साधारण तिच्या आसपास आले की नजरेलाही खात्री पटते. मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) पाच-सहा वेळा हा हिसका आणि हा ठाम अडथळा यांतला फरक हाताला कळू दिला, तर पुढचे बरेच प्रश्न मिटतात. आमच्याकडे मासिक सरावात एवढ्या एका गोष्टीवर पहिली दहा मिनिटे जातात, आणि ती दहा मिनिटे वाया गेली असे मला कधीही वाटलेले नाही.

आता ज्या प्रश्नासाठी बहुतेक वाचक इथवर आले असतील तो प्रश्न: ट्यूबपेक्षा हे बरे की वाईट? इंग्लंडमधल्या चार रुग्णवाहिका सेवांनी केलेली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली एअरवेज-२ ही चाचणी नेमकी याच साधनावर आहे. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या ९,२९६ प्रौढ रुग्णांचा तिच्यात समावेश होता. काही पॅरामेडिकना पहिली पसंती म्हणून आय-जेल आणि काहींना एंडोट्रॅकिअल ट्यूब नेमून दिली होती. मेंदूचे कार्य चांगले राहून वाचलेल्या रुग्णांचे प्रमाण आय-जेलच्या गटात ६.४ टक्के आणि ट्यूबच्या गटात ६.८ टक्के आले, म्हणजे दखल घ्यावी असा फरक नाही. मात्र दोन प्रयत्नांत श्वास देता येण्याचे प्रमाण आय-जेलमध्ये ८७.४ टक्के आणि ट्यूबमध्ये ७९ टक्के होते. त्याच चाचणीत असेही दिसले की एकदा नीट बसलेला एअरवे नंतर निसटण्याचे प्रमाण आय-जेलच्या गटात अधिक होते: १०.६ टक्के, ट्यूबच्या गटात ५ टक्के. पटकन जाते आणि पटकन निघतेही, असा याचा रोकडा अर्थ आहे. साधनाचे विक्रेते पहिला आकडा सांगतात, ट्यूबचे अभिमानी दुसरा. निवड करणाऱ्याने दोन्ही एकत्र वाचावेत.

त्याच वर्षी अमेरिकेतील पार्ट या चाचणीत ३,००४ रुग्णांमध्ये लॅरिंजिअल ट्यूब या वेगळ्या साधनाची तुलना इंट्युबेशनशी (एंडोट्रॅकिअल ट्यूब घालण्याशी) झाली आणि ७२ तासांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे १८.३ आणि १५.४ टक्के आले. हा निकाल आय-जेलच्या जाहिरातीत वापरलेला मी पाहिला आहे. ते योग्य नाही, कारण साधन वेगळे आहे आणि त्या चाचणीत इंट्युबेशन यशस्वी होण्याचे प्रमाणही फारसे चांगले नव्हते. आपल्या विभागात ट्यूब टाकणारा हात किती सराईत आहे, यावर ही तुलना जवळजवळ संपूर्णपणे अवलंबून असते. युरोपियन रिससिटेशन कौन्सिलच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी ही गोष्ट आडपडदा न ठेवता लिहिली आहे. ज्यांचे यश अधिक आहे त्यांनीच कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये इंट्युबेशन करावे, 'अधिक' म्हणजे दोन प्रयत्नांत ९५ टक्क्यांहून जास्त, आणि त्यासाठी छातीवरचे दाब पाच सेकंदांपेक्षा जास्त थांबू नयेत. आम्ही ही कसोटी स्वतःला लावून पाहिली. भूलतज्ज्ञ खोलीत असतील तर आम्ही तिच्यात बसतो. रात्री अडीच वाजता, भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियागृहात अडकलेले असताना, बसत नाही. वरच्या कप्प्याचा निर्णय या एका प्रामाणिक कबुलीतून झाला.

आणि त्या निर्णयाचा सर्वांत मोठा लाभ एअरवेत दिसला नाही, छातीवर दिसला. पूर्वी लॅरिंगोस्कोपचे पाते आत गेले की नकळत सगळे थांबायचे. 'एक सेकंद थांबा, दिसतंय' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्या एका सेकंदाची खरी लांबी मला पाठ झाली आहे. दाब थांबले की हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारा दाब काही क्षणांत खाली येतो आणि पुन्हा दाब सुरू केल्यावर तो पूर्वपदावर यायला बरेच दाब द्यावे लागतात, म्हणून असा प्रत्येक 'एक सेकंद' महागात पडतो. आय-जेल घालताना दाब थांबवावे लागत नाहीत. डोके हलत असतानाच ते सरकवता येते, आणि डोक्याशी उभ्या असलेल्या व्यक्तीला स्वरयंत्र दिसण्याची वाट पाहायची नसल्यामुळे ती व्यक्ती इतरांना थांबायला सांगत नाही. साधनाच्या माहितीपत्रकात हा गुण ठळकपणे लिहिलेला नसतो, पण माझ्या मते साधन घेण्याचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

अर्थात त्याआधी हाताने दाबून श्वास द्यायची बॅग आणि मास्क असतातच, आणि त्यांना कमी लेखण्याची चूक करू नये. पहिल्या काही मिनिटांत ३० दाबांना २ श्वास या प्रमाणात, दोघांनी मिळून, एकाने दोन्ही हातांनी मास्क धरून आणि दुसऱ्याने बॅग दाबून, काम नीट चालते. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये झालेल्या 'काम' (CAAM) नावाच्या चाचणीत बॅग-मास्क आणि इंट्युबेशन या दोन गटांत २८ दिवसांनंतर चांगल्या मेंदूकार्यासह हयात असलेल्यांचे प्रमाण ४.३ आणि ४.२ टक्के असे जवळपास सारखे निघाले होते. तरीही बॅग-मास्कच सरस किंवा किमान बरोबरीचा, असे त्या चाचणीवरून ठामपणे म्हणता आले नाही, आणि बॅग-मास्कच्या गटात पोटातले अन्न उलटून वर येण्याचे प्रमाण दुप्पट होते: १५.२ टक्के, विरुद्ध ७.५ टक्के. दाढी असलेला, दात नसलेला किंवा जाड मानेचा रुग्ण असेल आणि मास्क धरणारे हात दमले असतील, तर आय-जेलकडे लवकर वळावे, असा आमचा परिपाठ आहे. छाती उचलली जात असेल तर घाई करत नाही.

आता तक्रारीकडे वळतो. ती साधनाविषयी कमी आणि आमच्याविषयी जास्त आहे. आय-जेल सहज जाते म्हणून ते गेल्यावर खोलीत एक सुस्कारा सुटतो आणि 'एअरवे झाला' असे कोणीतरी म्हणते. त्या क्षणापासून डोक्याशी उभ्या असलेल्या माणसाकडे कोणाचे लक्ष नसते, आणि बॅग मात्र त्याच्याच हातात असते. एका रात्री, सगळे काही ठीक चालले आहे असे वाटत असताना, मी सहज घड्याळाकडे पाहत आमच्या सहकाऱ्याचे श्वास मोजले. अर्ध्या मिनिटात बारा. म्हणजे मिनिटाला चोवीस, हवे होते त्याच्या दुपटीहून अधिक. सहकारी अनुभवी होता, घाबरलेला नव्हता, आणि विचारल्यावर त्याने 'दहाच्या आसपास देतोय' असे अगदी मनापासून सांगितले. ही काही आमच्याच विभागाची खोड नाही. २००४ मध्ये ऑफडरहाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मिल्वॉकी शहरात प्रत्यक्ष पुनरुज्जीवनाच्या वेळी श्वास मोजले, तेव्हा सरासरी मिनिटाला ३० निघाले होते. अति वेगाने दिलेल्या श्वासांनी छातीतला दाब चढा राहतो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, आणि छातीवर दाब देणाऱ्याने घाम गाळून जे मिळवले ते बॅग दाबणारा हात घालवून बसतो.

एअरवे बसल्यावर, छातीवरचे दाब न थांबवता, दर सहा सेकंदांना एक, म्हणजे मिनिटाला १० श्वास द्यायचे असतात आणि छाती जेमतेम उचलेल एवढीच हवा, साधारण ५०० ते ६०० मिलिलिटर. प्रौढांच्या बॅगेत याच्या दुपटीहून अधिक हवा मावते, म्हणून ती दोन्ही हातांनी पिळून रिकामी करायची नसते. आम्ही आता बॅग धरणाऱ्याला मोठ्याने मोजायला लावतो. 'एक, दोन, तीन, चार, पाच, श्वास' असे ते चालते. पहिल्यांदा लोक संकोचतात, मग सवय होते. काही जण मेट्रोनोम वापरतात. आमच्याकडे तो आहे, पण त्याच्या टिकटिकीत दाबांचा आणि श्वासांचा ताल एकमेकांत मिसळतो, असे माझे वैयक्तिक मत आहे.

दुसरी बाब गळतीची. हे साधन श्वासनलिकेत जाऊन ती आतून हवाबंद करत नाही, वरून टेकते, त्यामुळे दाबांच्या मधोमध श्वास दिला की काही रुग्णांमध्ये तोंडाच्या बाजूने 'फस्स' असा आवाज येतो आणि छाती पुरेशी उचलत नाही. यावर बॅग आणखी जोरात दाबणे हा उपाय नाही. त्याने हवा पोटात जाते. आधी खोली आणि माप पाहावे, आणि तेवढ्याने भागत नसेल तर अखंड दाबांचा हट्ट सोडून पुन्हा ३० ला २ या पद्धतीवर यावे, म्हणजे श्वासाच्या वेळी छाती मोकळी मिळते. सूचनांमध्ये ही मुभा स्पष्ट दिलेली आहे, तरी 'साधन बसले म्हणजे आता थांबायचे नाही' एवढेच लोकांच्या लक्षात राहते.

मापांविषयी थोडक्यात. प्रौढांसाठी तीन मापे आहेत: ३० ते ६० किलोसाठी ३ क्रमांकाचे पिवळे, ५० ते ९० किलोसाठी ४ क्रमांकाचे हिरवे आणि ९० किलोंच्या वरती ५ क्रमांकाचे केशरी. ५० ते ६० मध्ये दोन मापे एकमेकांवर येतात आणि तिथेच आम्ही चुकलो होतो. बारीक अंगकाठी पाहून पिवळे घातले, गळती ऐकू आली, दोन मिनिटे डोके आणि हनुवटी सारखी करण्यात गेली, आणि अखेर हिरवे घातल्यावर छाती नीट उचलली. दोष साधनाचा नव्हता. शंका असेल तेव्हा कोणते माप आधी उचलायचे हे शांत वेळी ठरवून न ठेवल्याचा तो दोष होता. आता हिरवे पाकीट सर्वांत वर असते आणि बाकीची दोन त्याच्या दोन्ही बाजूंना.

कॅप्नोग्राफीविना, म्हणजे सोडलेल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडच्या आलेखाविना, हे साधन घेऊ नये, असे मी स्पष्टपणे लिहितो. पुष्कळांचा समज असा की कार्बन डायऑक्साइडचा आलेख फक्त ट्यूबसाठी लागतो. तसे नाही. आय-जेलच्या जोडाला आणि बॅगेच्या मध्ये तोच अडॅप्टर बसतो आणि तोच आलेख मिळतो. कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये दाब चांगले चालू असतील तर लाटा बुटक्या असतील, पण त्या दिसल्या पाहिजेत. सपाट रेषा दिसली तर 'हृदय बंद आहे म्हणून सपाट असेल' अशी स्वतःची समजूत न घालता साधन चुकीच्या जागी आहे असे धरून चालावे. हाच आलेख श्वास मोजतो, म्हणजे वर सांगितलेल्या चोवीस श्वासांची चहाडी तोच करतो, आणि आकडा एकाएकी उसळला तर रक्ताभिसरण परतल्याची पहिली चाहूल बहुधा तिथेच लागते. आमच्या मॉनिटरवर तो आलेख आधी तिसऱ्या ओळीत, ऑक्सिजनच्या आलेखाखाली दिसत असे. तो वर घेण्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही, फक्त कोणीतरी सेटिंग उघडायला हवे होते.

उलटीच्या बाबतीत साधनाला एक जमेची बाजू आहे. हवेच्या मार्गाशेजारून एक अरुंद वाट अन्ननलिकेच्या तोंडापर्यंत जाते आणि तिच्यातून पोटातली हवा व द्रव बाहेर काढण्यासाठी बारीक नळी घालता येते: ३ आणि ४ क्रमांकांत १२ फ्रेंचची, ५ मध्ये १४ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचे माप). नेहमीची रायल्स ट्यूब (पोटात घालायची नळी) जाडीत बसते की नाही हे आधी पडताळून ठेवावे. आम्ही ऐनवेळी १६ ची घेऊन बसलो होतो. ही वाट म्हणजे संरक्षणाची हमी मात्र नव्हे. एअरवेज-२ मध्ये उलटून येणे आणि श्वासमार्गात जाणे या दोन्हींचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. तोंड आधीच भरलेले असेल तर कोणतेही साधन घालण्यापूर्वी जाड टोकाचे सक्शन चालू स्थितीत उशाशी हवे.

बांधणीबद्दल आमच्या विभागाने एक धडा स्वतःच्या खर्चाने घेतला. एका रुग्णाचे रक्ताभिसरण परत आले, आनंदाच्या भरात त्याला स्ट्रेचरवर घेतले, आणि बॅगेच्या ओझ्याने आय-जेल तीन बोटे बाहेर आले. आलेख अचानक बसला म्हणून ते कळले, नाहीतर लिफ्टमध्ये कळले असते. नुसते दातांत धरलेले साधन म्हणजे बसवलेले साधन नव्हे. एका गालाच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत चिकटपट्टी, किंवा आय-जेल ओटू या जोडसंचात मिळणारा पट्टा, तत्काळ लावावा. या संचात जेलीची पुडी आणि सक्शनची नळीही असल्याने शोधाशोध वाचते, म्हणून क्रॅश कार्टसाठी तोच घ्यावा असे माझे मत झाले आहे. सुटे आय-जेल शस्त्रक्रियागृहात ठीक आहे, कारण तिथे जेली नेहमी हाताशी असते.

काही रुग्णांसाठी हे साधन नाहीच. जबडा उघडत नाही, घशात गाठ किंवा मोठी सूज आहे, वरच्या मार्गात काही अडकले आहे, अशा ठिकाणी ते घालण्यात वेळ घालवू नये. फुप्फुसे कडक झालेली असतील आणि हवा भरायला मोठा दाब लागत असेल, तेव्हाही त्याची मर्यादा दिसते. उत्पादकाने ४० सेंटिमीटर पाण्याच्या दाबापलीकडे जाऊ नये असे बजावले आहे, आणि गळती त्याच्या बरीच आधी सुरू होते. हृदय पुन्हा सुरू झाल्यावर ते लगेच उपटून ट्यूब घालण्याची घाईही आम्ही आता करत नाही. ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइडचे आकडे ठीक असतील, छाती उचलत असेल, तर आधी रक्तदाब आणि ईसीजी पाहतो, सराईत हात येईपर्यंत थांबतो, आणि मग शांतपणे बदल करतो. ४ क्रमांकाच्या आय-जेलमधून ७ मापाची ट्यूब जाते, पण ती डोळे झाकून ढकलू नये, फायबरऑप्टिक स्कोपवरूनच न्यावी.

एकदा वापरून टाकून द्यायचे साधन असल्यामुळे साठा संपण्याचा प्रश्न मात्र राहतो, आणि पाकिटावरची मुदत कोणी पाहत नाही. आमच्या क्रॅश कार्टच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर तीन रंगांचे तीन चौकोन, प्रत्येकाखाली शिल्लक नग आणि मुदतीचा महिना लिहिलेला असतो, आणि रात्रपाळीच्या सिस्टर सही करतात. गेल्या वेळी पिवळ्या चौकोनाखाली शून्य होते.